ना भरती, ना शुगर

पहाटे साडेपाचला जिंतूर–परभणी रस्त्याच्या कडेनं कुणी पळताना दिसलं, की बघणाऱ्याच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. पळणारा विशीतला असला तर भरती, चाळिशीच्या पुढचा असला तर शुगर. चहाच्या टपरीवरचा माणूस तसं विचारतोही. ‘‘कोणती भरती निघाली रे?’’ किंवा ‘‘किती निघाली सर, जेवणाआधीची?’’ यातलं काहीच नाही, आपलं सहज पळतोय, असं सांगितलं तर तो ग्लास विसळता विसळता एकदा वर बघतो आणि गप्प बसतो. त्याला ते पटलेलं नसतं. बाई पळत असली तर कुणी काही विचारत नाही, नुसतं वळून बघतात. ते विचारण्यापेक्षा अवघड.

टपरीवाल्याचं चूक नाही. तालुक्याच्या गावात पळण्याला कारण लागतं. परीक्षा, आजार, नाहीतर बक्षीस. कारण संपलं की पळणंही संपतं. आठवड्यातून एकदा, गावातल्याच बागेत किंवा शाळेच्या मैदानावर, फी न घेता, बक्षीस न ठेवता, सगळ्यांनी मिळून पळायचं आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहायची, असा साधा कार्यक्रम जिंतूरसारख्या गावात उभा राहू शकतो का, आणि राहायचा तर त्याला नेमकं काय लागतं, हे या लेखात बघायचं आहे. पैसे जवळपास लागत नाहीत. जे लागतं ते पैशापेक्षा दुर्मीळ आहे.

पळणारे मात्र भरपूर आहेत. जिंतूरला रेल्वे नाही, कारखानदारी नावापुरती. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या भरवशावर तीन भावांचं घर चालत नाही हे पोरांना दहावीतच कळतं. मग भरती. पोलीस शिपायाच्या भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मुलींना सोळाशेऐवजी आठशे. मुलानं सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत काढले तर वीसपैकी वीस, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं गुण गळतात. म्हणून या पोरांच्या बोलण्यात ‘सोळाशे’ हे अंतर राहत नाही, माणसाची ओळख होते. ‘‘त्याचं सोळाशे पाच-पंधराला बसतंय,’’ असं म्हटलं की पुढं त्याच्याबद्दल फार सांगावं लागत नाही. २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे ढोबळमानानं शंभरात एक. राहिलेले नव्व्याण्णव पुढच्या जाहिरातीपर्यंत पळत राहतात. खुल्या गटात अठ्ठावीस, मागास प्रवर्गात तेहेतीस वर्षं झाली की वय निघतं. वय निघालं की बूट माळ्यावर जातात. ज्या पोराचं हृदय आणि फुप्फुसं सलग सात-आठ वर्षांच्या पहाटांनी घडवली, तो पुढची पंधरा-वीस वर्षं मोटारसायकलशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही. पंचेचाळिशीला तोच पुन्हा बागेत फेऱ्या मारताना दिसतो, या वेळी डॉक्टरच्या सांगण्यावरून. मधल्या एवढ्या वर्षांत त्याला पळायला बोलावणारं गावात कुणीच नव्हतं.

मराठवाड्याला पळण्याचं वावडं आहे असं तर मुळीच म्हणता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला, केनियाच्या दोघांना मागं टाकून. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडीची सोय नाही, म्हणून लहानपणी चालत-पळत जायचा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि शर्यतीत पळायला लागला तो फौजेत गेल्यावर. खुद्द परभणीच्या ज्योती गवतेनं २०१७ ची मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत जिंकली, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत. पुढची दोन वर्षं ती दुसरी आली. परभणीच्या उन्हात सराव करून मुंबईच्या पेडर रोडच्या चढावर पाय टाकणारी ही बाई आपल्या जिल्ह्यातली आहे, हे जिल्ह्यातल्या किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणताना आपली छाती फुगते, ज्योतीचं नाव मात्र त्यात येत नाही.

इथंच एक जुनी गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आकड्यांत गमतीशीर आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळालेला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले एकोणिसावा आला. त्याची वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. ज्योतीच्या मुंबईतल्या वेळेपेक्षा आठ सेकंद कमी, मध्ये सत्त्याण्णव वर्षं. (अँटवर्पचा रस्ता आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरनं लांब होता, हे चौगुल्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.) चौगुले तिथवर पोचले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यामुळे. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं बघून अध्यक्ष दोराबजी टाटा चकित झाले. कसलंही शास्त्रशुद्ध शिक्षण नसताना ही मुलं युरोपातल्या वेळांच्या आसपास पोचतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि भारताचा पहिला संघ ऑलिंपिकला पाठवण्याची खटपट सुरू झाली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही पोरं पळतच होती. फरक एवढाच की एका संस्थेनं दोर बांधून, घड्याळ लावून, वेळ लिहून ठेवली. लिहिली नसती तर टाटांना तुलना कशाशी करता आली असती?

वेळ लिहिणं, हेच या सगळ्या खटाटोपाचं मूळ आहे.

लंडनच्या नैऋत्येला टेडिंग्टन म्हणून भाग आहे. तिथल्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ च्या सकाळी तेरा जण पाच किलोमीटर पळाले. बोलावणारा होता पॉल सिंटन-ह्यूइट. नोकरी गेलेली, दुखापतीनं स्वतःचं पळणं बंद पडलेलं. पळता येत नाही तर निदान मित्र भेटावेत, पळून झाल्यावर सगळ्यांनी मिळून कॉफी प्यावी, एवढाच हेतू. घड्याळ धरायला चार मित्र. पळणाऱ्याला क्रमांक द्यायला त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वायसर आणले आणि त्यावर आकडे ठोकले. निकाल कागदावर. फी नाही, बक्षीस नाही, नोंद सगळ्यांची. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारीही. दुसरी जागा, विंबल्डन, सुरू व्हायला २००७ उजाडलं. ही दोन वर्षं मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वाटतात. दोन वर्षं एकाच बागेत, दर शनिवारी, कुठलाही विस्तार न करता. आज ‘पार्करन’ या नावानं हाच कार्यक्रम वीसहून जास्त देशांत चालतो. ऑस्ट्रेलियात, सिंगापुरात आणि इंग्लंडात राहणारी आपली मराठी मंडळी शनिवारी सकाळी तिथं दिसतात आणि गावी आली की ‘आपल्याकडे असं काही का नाही?’ म्हणतात. आपल्याकडे शनिवारी जिल्हा परिषदेची शाळा सकाळची असते, हे पहिलं उत्तर. आपला कार्यक्रम रविवारचा.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. मुंबईत ‘मुंबई रोड रनर्स’ या गटाची मंडळी महिन्याच्या पहिल्या रविवारी बांद्र्याहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत पळतात. फी नाही, पदक नाही, अनेक वर्षं. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटातून कासच्या दिशेनं हिल मॅरेथॉन होते आणि तिच्यामुळे सातारा शहरात बाराही महिने पळणारे गट तयार झाले. पण बांद्रा ते एनसीपीए हे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि साताऱ्याचा घाट चढायला छाती लागते. पन्नास वर्षांच्या, कधीही न पळालेल्या, साडी आणि कॅनव्हासचे बूट घालून बागेत येणाऱ्या बाईसाठी यातलं काही नाही. तिच्यासाठी पाच किलोमीटर, सपाट, आणि हवं तर चालतही.

आता कामाचं बोलू.

सगळ्यात आधी शेवटची रेषा. नवख्या आयोजकाला वाटतं की पळायला सुरुवात करून देणं हे मोठं काम आहे. झेंडा, शिट्टी, नारळ. खरं तर सुरुवात कुणीही करून देतं. घोळ होतो तो शेवटी. चाळीस जण पळाले तर पहिले दोन सुटे येतात, मग पंचविसाव्या ते पस्तिसाव्या मिनिटाच्या दरम्यान झुंडीनं माणसं येतात. एकाच वेळी सहा जण रेषेवर, प्रत्येकजण धापा टाकत ‘‘माझं लिहिलं का?’’ म्हणतो. नाव विचारून, वेळ बघून, दोन्ही एकत्र लिहायला गेलात तर तिसऱ्या माणसापाशीच वही कोलमडते. म्हणून कामाचे दोन भाग करायचे. घड्याळवाल्यानं फक्त घड्याळ बघायचं. मोबाइलमधल्या स्टॉपवॉचवर माणूस रेषा ओलांडेल तसं बटण दाबत जायचं, कोण आला हे बघायचंही नाही. त्याच्या पुढं तीन-चार पावलांवर दुसरा माणूस, त्याच्या हातात तारेत ओवलेले वायसर, एकपासून पुढं क्रमानं. येईल त्याच्या हातात पुढचा क्रमांक ठेवायचा. मग पळणारा दम खात, पाणी पीत, सावकाश टेबलापाशी जातो आणि तिसऱ्या माणसाला वायसर देऊन नाव सांगतो. एका यादीत क्रमांक आणि वेळ, दुसऱ्या यादीत क्रमांक आणि नाव. घरी बसून दोन्ही याद्या जोडल्या की निकाल तयार. बुशी पार्कात हेच झालं. आता तिथं बारकोड आहेत, पण तत्त्व तेच राहिलं.

या पद्धतीची एक दुखरी नस आहे. कुणीतरी पोरगं मधूनच रेषा ओलांडून गेलं आणि घड्याळवाल्यानं सवयीनं बटण दाबलं, की तिथून पुढच्या प्रत्येकाची वेळ एका माणसानं सरकते. एकोणिसाव्याची वेळ विसाव्याच्या नावावर जाते, आणि रात्री निकाल ग्रुपवर पडला की फोन सुरू होतात. त्यावर उपाय साधा आहे. रेषेच्या पुढे दोन्ही बाजूंनी सुतळी बांधून अरुंद बोळ करायचा, म्हणजे रेषा ओलांडल्यावर कुणी कुणाला मागं टाकत नाही आणि बाहेरचं कुणी आत शिरत नाही. आणि दर दहाव्या माणसाला घड्याळवाल्यानं मोठ्यानं आकडा म्हणायचा, वायसरवाल्यानं आपला आकडा म्हणायचा. ‘‘वीस!’’ ‘‘वीसच!’’ जुळलं तर पुढं. नाही जुळलं तर तिथल्या तिथं वहीत खूण. वायसर खिशात घालून घरी जाणारा एखादा दर आठवड्याला असतोच. त्याला शिव्या न देता तारेत एक नवा वायसर ओवावा. हार्डवेअरच्या दुकानात ते किलोवर मिळतात.

अंतर मोजणं हा दुसरा भाग. नगरपरिषदेच्या बागांतली पायवाट साधारण एका ठशाची असते. पेव्हर ब्लॉक, मधे कारंजं, एका कोपऱ्यात ओपन जिम, दुसऱ्यात घसरगुंडी. अशा बागेची फेरी मोबाइलच्या जीपीएसनं मोजू नये. झाडांखाली आणि वळणांवर ते फसतं, आणि दहा फेऱ्या मारल्या की चूकही दहापट होते. मोठ्या शर्यतींचे रस्तेसुद्धा सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावून मोजतात. आपल्याला बांधकामाच्या मिस्त्रीकडची पन्नास मीटरची टेप पुरते, दोन माणसं आणि खडूचा तुकडा. समजा फेरी ४१० मीटर निघाली. बारा फेऱ्यांचे होतात ४९२०. उरले ऐंशी. मग निघायची रेषा शेवटच्या रेषेच्या ऐंशी मीटर मागं आखायची, की पाच किलोमीटर पुरे. फेरी दोनशे मीटरची असेल तर पंचवीस फेऱ्या होतात आणि पंधराव्या फेरीनंतर बहुतेकांची मोजणी चुकते. तिथं रबरबँड कामी येतात. मोठ्या मॅरेथॉनमध्ये वळणाच्या ठिकाणी मनगटात अडकवायला देतात तेच. पाच फेऱ्यांना एक, पाच रबरबँड झाले की थांबायचं.

इतक्या छोट्या बागेत पाचाचा हट्ट धरूच नये असं माझं मत आहे. तीन किलोमीटर ठेवा. अंतराला काही पावित्र्य नाही. दर आठवड्याला तेच अंतर असणं महत्त्वाचं, कारण माणूस शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्या गेल्या रविवारशी तुलना करतो. एकाच बागेतल्या एकाच फेरीवर महिन्यात दोन मिनिटं कमी झाली, हे वहीत दिसलं की डॉक्टरला सांगावं लागत नाही.

शाळेचं मैदान हा बागेहून प्रशस्त पर्याय. फेरी मोठी निघते आणि भरतीची पोरं तिथं आधीच असतात. पण पावसाळ्यात आपली काळी माती काय करते ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. दोन फेऱ्यांत बुटाच्या तळाला एवढी चिकटते की पाय उचलताना बूट मागं राहतो. जून ते सप्टेंबर बाग, पुढं मैदान, अशी वाटणी करता येईल. नेमगिरीकडे जाणारा रस्ता मनात येतोच. गावाबाहेर जेमतेम तीन किलोमीटर, टेकड्या, जैन लेण्यांचा परिसर, पहाटेची हवा. येलदरीच्या धरणाची भिंतही अनेकांना खुणावते. पण रस्ता आला की वाहनं आली, ठाण्याचा परवाना आला, आणि एखादा ट्रॅक्टर वळणावर आला की कार्यक्रमच संपला. वर्षातून एकदा नेमगिरीला जावं, दर रविवारी नको.

बागेसाठी नगरपरिषदेला एक अर्ज पुरतो. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, रविवारी सकाळी दीड तास, ध्वनिवर्धक नाही, मंडप नाही, फी नाही, असं स्पष्ट लिहून आवक विभागात देऊन पोच घ्यायची. ‘फी नाही’ हे दोन शब्द वाटतात त्यापेक्षा जड आहेत. २०१६ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड इथल्या स्थानिक परिषदेनं आपल्या बागेतल्या पार्करनकडे देखभालीसाठी पैसे मागितले. शेकडो लोक दर आठवड्याला पळतात, पायवाटा झिजतात, गाड्या लागतात, मग खर्चात वाटा का नको, असा परिषदेचा सवाल होता. तो अगदीच वावगा नव्हता. पण पार्करननं नकार दिला, कारण एका जागी पैसे दिले की सगळीकडे द्यावे लागतील आणि मग ते पळणाऱ्याकडूनच घ्यावे लागतील. तिथलं पळणं बंद पडलं. गंमत अशी की ती बाग काय आणि तिथल्या पायवाटा काय, होत्या तिथंच राहिल्या. तिथं सुट्या पळणाऱ्याला कुणी अडवत नव्हतं. मोजमापाला आणि वहीला तेवढी हरकत होती. आपल्याकडे चाळीस जणांनी पायवाट झिजणार नाही, पण कार्यक्रम झाल्यावर पाण्याचे प्लास्टिक ग्लास हिरवळीवर दिसले तर पुढच्या महिन्यात फाटकाला कुलूप लागेल, आणि ते योग्यच असेल. प्रत्येकानं आपली बाटली आणायची.

यापेक्षा मोठा धोका दुसऱ्या बाजूनं आहे, तो म्हणजे उत्साहाचा. पंधरा-वीस जण सलग महिनाभर पळताना दिसले की कुणाच्या तरी मनात ‘भव्य’ हा शब्द येतो. मग वाढदिवस शोधला जातो. फ्लेक्स लागतो, त्यावर पळणाऱ्यापेक्षा न पळणाऱ्यांचे फोटो जास्त. टी-शर्टच्या पाठीवर पुरस्कर्त्यांची नावं. सकाळी सहाची वेळ, मान्यवर पावणेआठला. तोवर पोरं वॉर्मअप करून थंड झालेली, झुंबावाली मॅडम तिसऱ्यांदा तेच गाणं लावतेय. झेंडा फडकतो, पहिल्या तिघांना पाकिटं मिळतात, आणि चौथ्यापासून पुढच्या सगळ्यांनी काय केलं याची कुठंही नोंद राहत नाही. पुढच्या रविवारी बाग रिकामी. अशा मॅरेथॉननं कुणाचं वाईट होत नाही, पण भलंही एका सकाळपुरतंच होतं. साप्ताहिक पळण्यात बक्षीस नकोच यासाठी, की बक्षीस आलं की भरतीची पोरं सोडून बाकीचे सगळे रेषेच्या बाहेर बघे होऊन उभे राहतात.

लता करे यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारीत अनवाणी पळाली आणि जिंकली. तिच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. ती गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येतं, येणारच. पण साठीच्या बाईनं पळणं आपल्याला मान्य व्हायला घरात आजारपण आणि हातात रिकामी पर्स असावी लागते, याची मला जरा चीड येते. तिच्या वयाच्या दुसऱ्या एखादीला केवळ हौस म्हणून पळावंसं वाटलं तर? तिला गावात जागा हवी, आणि एकटीनं नव्हे तर घोळक्यात, म्हणजे वळून बघणाऱ्यांना नेमकं कुणाकडे बघावं ते कळणार नाही.

म्हणून या कार्यक्रमात सगळ्यात महत्त्वाचा माणूस सगळ्यांत मागं असतो. पार्करनमध्ये हे काम नेमून दिलेलं आहे. एक स्वयंसेवक शेवटच्या माणसाच्याही मागं चालतो, कितीही वेळ लागो, आणि शेवटी रेषा ओलांडतो. त्यामुळे पळायला आलेलं कुणीही कधीच शेवटचं येत नाही. दिंडीतही हे असतं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडमार्गे पंढरीला जाते, तेव्हा पताकाधारी पुढे असतात, पण मागं राहिलेल्या म्हातारीला गाठून सोबत आणणारा कुणीतरी असतो आणि त्याच्याशिवाय दिंडी मुक्कामाला लागत नाही. गावातल्या बागेत हे काम भरतीतल्या सगळ्यात वेगवान पोराला द्यावं असं मला वाटतं. पाच मिनिटांत सोळाशे काढणारा पोरगा पन्नास मिनिटं एखाद्या काकूंच्या मागं चालला तर त्याला जड जाईल, काकूंना त्याहून जड जाईल, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत दोघांना बोलायला विषय सापडेल. पार्करनच्या इंग्लंडातल्या सरासरी वेळा वर्षागणिक मंदावत गेल्या आहेत. पळण्याची स्पर्धा चालवणाऱ्याला हे अपयश वाटेल. तिथले लोक मात्र ते अभिमानानं सांगतात. हळू पळणारे यायला लागले याचा तो हिशेब आहे.

हवामानाचं पंचांग आपल्यालाच मांडावं लागेल. बुशी पार्कात सकाळी नऊला सुरुवात होते. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात सकाळी नऊला कुणी पाच किलोमीटर पळायला लावलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा. उन्हाळ्यात पावणेसहा, सूर्य वर येण्याच्या सुमारास, आणि ऊन चढायच्या आत वही बंद. हिवाळ्यात उलटं. परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. डिसेंबरात सूर्यच पावणेसातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सव्वासात. सुरू करायला सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतरचा. सोयाबीन घरात आलेलं, हवा कोरडी, मैदान वाळलेलं, मुलांना सुट्टी. एप्रिलमध्ये सुरू केलेला कार्यक्रम मे बघत नाही.

पहिल्यांदा येणाऱ्याला छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचं, हे दर रविवारी सुरुवातीला सांगायचं, कितीही कंटाळा आला तरी. १०८ ला फोन कोण करणार ते आधी ठरलेलं असावं. पाच जण एकाच वेळी फोन लावतात आणि पत्ता कुणीच नीट सांगत नाही असं होतं. शुगरवाल्यांनी उपाशीपोटी एकदम जोरात पळू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. कुत्र्यांचा प्रश्न गावोगावी आहे. एकट्याला ती धरतात, चाळीस जणांना बघून सहसा बाजूला होतात. तरी फाटकापाशी एक माणूस काठी घेऊन उभा असला तर पोरंसोरं निर्धास्त येतात.

माणसं किती लागतात? घड्याळाला एक, वायसरला एक, वहीला एक, मागं चालायला एक, फेरीच्या लांबच्या वळणावर एक, आणि सगळ्यांना आदल्या रात्री फोन करणारा एक. सहा. त्यातला शेवटचा सापडणं सगळ्यात कठीण. तो पळणाऱ्यातला चांगला नसला तरी चालतो, वक्ता नसावा हे बरं. लग्नसराईत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, निवडणुकीच्या धामधुमीत, घरी पाहुणे असताना रविवारी सकाळी तो फाटकापाशी हजर हवा. तीन जण आले तरी तिघांची वेळ लिहायची. एकही आला नाही तर वहीत तारीख घालून ‘हजर : शून्य’ असं लिहायचं आणि टपरीवर जायचं. सिंटन-ह्यूइटची पहिली दोन वर्षं म्हणजे हेच. कार्यक्रम आहे की नाही, हे विचारण्याची गरज लोकांना वाटेनाशी होते, तेव्हा तो गावाचा होतो. त्याआधी तो त्या एका माणसाचा असतो, आणि त्या माणसाच्या बायकोनं रविवार सकाळचा हा नाद किती दिवस खपवून घ्यायचा हाही भाग आहेच. तिलाच घड्याळ द्यावं.

खर्च विचाराल तर एक वही, शंभर वायसर, सुतळीचा गुंडा, खडू, शिट्टी. पळून झाल्यावरचा चहा ज्याचा त्यानं घ्यायचा. चहा मात्र टाळायचा नाही. बुशी पार्कातल्या कॉफीसारखं ते अर्धं कारण आहे. तिथं बसूनच पुढच्या रविवारी घड्याळ कोण धरणार ते ठरतं, आणि तिथंच टपरीवाला वहीत डोकावून आपल्या मेव्हण्याची वेळ बघतो.

अर्ज, वही, घड्याळ यांच्याही आधी एक गोष्ट करायची असते. रविवारी सकाळी पावणेसहाला बागेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, ते शोधून काढायचं. बहुतेक ठिकाणी ती अशा एका माणसाकडे असते जो रविवारी सकाळी सातशिवाय उठत नाही. त्याच्याशी आधी बोला. जमलं तर त्यालाच मागं चालायला लावा.